मोटर न्यूरॉन डिसीज नेमका कशामुळे होतो? जाणकारांनी कृपया लिहा

नौपाडेकर | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचतो आणि मिसळीच्या धाग्यांवर भांडतो. पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

माझे भावोजी, वय ५६. वागळे इस्टेटला त्यांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असली कामं. गेल्या दिवाळीच्या सुमारास उजव्या अंगठ्यात जोर येईना, कटिंग मशिनवर रीम सरकवताना कागद निसटायला लागला. मानेचा मणका म्हणून फिजिओ झाली, ट्रॅक्शन झालं. मग दंडावर कातडीखाली काहीतरी वळवळताना दिसायला लागलं आणि तळहाताची अंगठ्याखालची गादी बसली. एमआरआय, एनसीव्ही आणि ईएमजी या नसा-स्नायूंच्या तपासण्या, रक्ताच्या ढीगभर तपासण्या. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज, त्यातला एएलएस. मुंबईत दुसरं मत घेतलं, तेही तेच निघालं.

उपचार चालू आहेत, धागा त्यासाठी नाही. घरात सध्या एकच विषय आहे, झालं कशामुळे? ताई म्हणते शिसं. भावोजींच्या वडिलांच्या वेळी प्रेसमध्ये खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे आणि भावोजी लहानपणी तिथेच केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, खेळायचे. आई म्हणते करोनाची लस. धाकटा भाऊ म्हणतो खाडीवरची घाण हवा. भावोजी स्वतः म्हणतात, विड्या आणि जागरणं. डॉक्टर म्हणाले, नेमकं कारण सांगता येत नाही. बाहेर पन्नास पेशंट बसलेले, त्यांनी तरी किती समजावावं.

मला एवढंच कळून घ्यायचंय. पेशी मरतात म्हणजे काय होतं? का मरतात? आणि त्याच का?

अबोली | शनिवार, रात्री ११:०५

वाईट वाटलं वाचून. आमच्या घरी सासूबाईंना झाला होता. सवडीने लिहिते. ताईंना सांभाळा.

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ९:२०

नौपाडेकर, मी न्यूरॉलॉजिस्ट नाही. मेडिकल कॉलेजात आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. आता नेरूळला असतो, सकाळी चालतो आणि दिवसभर अशा धाग्यांवर नाक खुपसतो. औषधोपचार तुमच्या डॉक्टरांचा प्रांत, यंत्रणेबद्दल जमेल तसं लिहितो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे तुकड्यातुकड्यानेच येईल.

आधी रचना. हात उचलायचा म्हटलं की दोन पेशींची साखळी कामाला लागते. पहिली पेशी मेंदूच्या पृष्ठभागावर, मोटर कॉर्टेक्समध्ये. तिचा लांब तंतू, म्हणजे अ‍ॅक्झॉन, खाली उतरतो, वाटेत बाजू बदलतो आणि मज्जारज्जूत पोचतो. तिथे दुसरी पेशी बसलेली असते. तिचा अ‍ॅक्झॉन मणक्यांमधून बाहेर पडून थेट स्नायूला जाऊन भिडतो. पहिलीला वरची मोटर न्यूरॉन म्हणतात, दुसरीला खालची. वरच्या पेशी गेल्या की स्नायू ताठरतात, गुडघ्यावर हातोडी टेकवली तरी पाय उडतो. खालच्या गेल्या की स्नायू ढिला पडतो, वाळतो आणि कातडीखाली ती वळवळ दिसते. एएलएसमध्ये दोन्ही जातात. म्हणून डॉक्टर एकाच हातात दोन उलट गोष्टी शोधत होते, वाळलेला स्नायू आणि तरीही जोरकस रिफ्लेक्स. ही जोडी पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने १८६९ मध्ये नोंदवली. जिवंतपणी रुग्ण तपासायचा आणि मृत्यूनंतर त्याचाच मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, अशी त्याची पद्धत होती.

मोटर न्यूरॉन डिसीज ही खरी तर एक जातकुळी आहे. फक्त खालच्या पेशी जाणारा प्रकार आहे, फक्त वरच्या जाणाराही आहे, आणि तो दुसरा बराच सावकाश चालतो. बोलण्या-गिळण्यापासून सुरू होणाराही आहे. एएलएस त्यात सगळ्यात जास्त आढळतो.

आता जरा चमत्कारिक गोष्ट. या आजारात स्पर्श शाबूत राहतो, दिसणं-ऐकणं शाबूत. ते समजण्यासारखं आहे, त्या पेशीच वेगळ्या. पण डोळे फिरवणारे स्नायू आणि लघवी-शौचावर ताबा ठेवणारे स्नायू बहुतेकांत अगदी उशिरापर्यंत टिकतात. त्यांनाही मोटर न्यूरॉनच चालवतात! मग त्या का वाचतात? तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथून शोधता येतं. नाश्त्यानंतर.

ऐरोलीचा_अभि | रविवार, सकाळी ९:४१

मास्तर, नाश्ता आटपा लवकर.

जय_महाकाल | रविवार, सकाळी १०:१५

हे सगळं शरीरात विष साचल्यामुळे होतं. माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत, नुसती नाडी बघून सांगतात. त्यांच्याकडे असे पेशंट चालत घरी गेलेत. ज्यांना पाहिजे त्यांनी व्यनि करा. नवी मुंबईत स्टेम सेलसुद्धा करतात, त्याने नव्या नसा येतात.

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ११:३०

महाकाल, तुमच्याकडे नंतर येतो.

त्याच पेशी का, याचं एक कारण आकार. पायाच्या बोटाला हलवणाऱ्या पेशीचं शरीर कमरेजवळ मज्जारज्जूत आणि तंतूचं टोक पावलात, म्हणजे लांबी जवळजवळ एक मीटर. टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं वर, पेशीच्या शरीरात तयार होतात आणि तंतूच्या आतून वाहून न्यावी लागतात. वाहतूक जरा मंदावली की झळ पहिल्यांदा टोकाला. दुसरं कारण म्हणजे अशी एकेक पेशी शेकडो स्नायूतंतूंना आज्ञा देते, त्यामुळे तिला ऊर्जा प्रचंड लागते आणि तिची मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, सतत ताणाखाली असतात.

तिसरं कारण कॅल्शियम. चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. निरोप पोचला की शेजारच्या तारकापेशींनी, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या मदतनीस पेशींनी, ते लगेच शोषून घ्यायचं असतं. एएलएसमध्ये हे शोषण्याचं काम मंदावलेलं दिसतं. ग्लुटामेट रेंगाळलं की पेशी पुन्हा पुन्हा उद्दीपित होते आणि आत कॅल्शियम शिरत राहतं. आलेलं कॅल्शियम बांधून ठेवणारी प्रथिनं बहुतेक मोटर न्यूरॉन्समध्ये मुळातच कमी असतात. डोळ्यांच्या मोटर न्यूरॉन्समध्ये मात्र ती भरपूर! त्या टिकण्याचं हे एक कारण मानलं जातं. भावोजींना रिलुझोल चालू असेल, ते ग्लुटामेटचं स्रवणं कमी करतं. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे एएलएसचं पहिलं औषध. चाचण्यांमध्ये त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे ग्लुटामेट या गोष्टीचा एक भाग आहे, पण सगळी गोष्ट तेवढीच असती तर औषधाने यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडला असता.

ऐरोलीचा_अभि | रविवार, दुपारी १२:०२

म्हणजे पाइपलाइनच्या शेवटच्या सोसायटीला पाणी पोचत नाही तसं?

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी १२:१०

अर्धंच बरोबर. इथे पाइपच जिवंत आहे आणि त्याची डागडुजीही त्याच पाण्यावर चालते. शिवाय बिघाड टोकाकडून वर सरकतो की मेंदूकडून खाली उतरतो, यावर दोन तट आहेत आणि दोघांकडेही पुरावे आहेत.

वैनगंगा | रविवार, दुपारी २:५०

मास्तर, ग्लुटामेटवरून आठवलं. मी मूळची भंडाऱ्याकडची, आता खारघर. आमच्याकडे धान कापायच्या आधीच बांधीत लाखोळी टाकतात, उरलेल्या ओलीवर येते. आजी सांगायची, दुष्काळात लोकांनी महिनोन्‌महिने लाखोळीच खाल्ली आणि तरण्याताठ्या माणसांचे पाय लुळे पडले, काठी टेकत कैचीसारखी चालायची. तोही असाच आजार ना? घरी आम्ही लाखोळीच्या डाळीची भजी अजून खातो, आता धाकधूक व्हायला लागली.

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी ३:३५

वैनगंगाताई, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. तो लॅथिरिझम. लाखोळीत ओडॅप नावाचा पदार्थ असतो, रचनेने ग्लुटामेटचा जवळचा नातलग. तो चेतापेशीवरच्या ग्लुटामेटच्याच जागा पकडतो आणि तिला अति उद्दीपित करतो. मार बसतो तो वरच्या मोटर न्यूरॉन्सना, विशेषतः पायांकडे जाणाऱ्या लांब तंतूंना, म्हणून पाय कैचीसारखे ताठ. म्हणजे बाहेरचा एखादा पदार्थ निवडून मोटर न्यूरॉनच मारू शकतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यात होतं. १९६१ मध्ये केंद्राने या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली ती त्यामुळेच.

पण फरक मोठा आहे. लॅथिरिझममध्ये स्नायू वाळत नाहीत, आणि डाळ बंद केली की आजार पुढे सरकत नाही. आलेला ताठरपणा बहुधा राहतो, पण तो हातांत, जिभेत, श्वासात पसरत जात नाही. एएलएस पसरतो. बाकी तो त्रास व्हायचा तो लाखोळी हेच मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ल्यावर, दुसरं काही मिळत नसताना. भिजवून पाणी फेकलं की ओडॅप बरंच कमी होतं. अधूनमधून भजी खाऊन पाय गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

वैनगंगा | रविवार, दुपारी ३:४८

बरं वाटलं. आजी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचीच. आम्हाला वाटायचं कडवटपणा जावा म्हणून.

शून्य_एक | रविवार, संध्याकाळी ५:१०

जय_महाकाल, स्टेम सेलबद्दल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की रक्ताच्या काही विकारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल मान्यताप्राप्त क्लिनिकल चाचणीबाहेर देणं अनैतिक आहे. खऱ्या चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पॅकेज सांगून लाखांत पैसे मागितले की समजायचं काय ते. आमच्या ओळखीच्या एकांनी फ्लॅट गहाण ठेवला होता.

जय_महाकाल | रविवार, संध्याकाळी ५:३२

मी फक्त माहिती दिली. प्रत्येकाचा विश्वास.

अबोली | रविवार, रात्री ९:१५

माझ्या सासूबाईंबद्दल. वाशीला आमच्याकडेच होत्या. त्यांचं बोलण्यापासून सुरू झालं. फोनवर लोक विचारायचे, आई झोपेत आहेत का? कान-नाक-घसा झाले, स्ट्रोक म्हणून झालं, मग कळलं. मास्तरांना एक विचारायचंय. त्यांना हसू आलं की थांबायचंच नाही. कुणाच्या तेराव्याला गेलो तिथेही हसू सुटलं आणि पाठोपाठ रडू. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. त्या मात्र नंतर पाटीवर लिहायच्या, "मला वाईट वाटत नव्हतं, मला हसू पण येत नव्हतं." हे त्याच आजाराने का?

आणि नौपाडेकर, कारण शोधण्यात आमचे पहिले काही महिने गेले. तेवढ्यात श्वासाची तपासणी मागे पडली. सपाट झोपलं की दम लागणं, सकाळी डोकं जड असणं, दिवसा डुलक्या, यातलं काही दिसलं की लगेच सांगा. रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) लावायला लागल्यावर सासूबाईंचा चेहराच बदलला. अन्नासाठीची पोटातली नळीसुद्धा वजन फार उतरायच्या आधी टाकलेली बरी, आम्ही फार लांबवलं.

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ८:५०

अबोली, हो, त्याच आजाराने. मेंदूकडून खाली येणारे जे तंतू भावनेच्या हालचालींना लगाम घालतात, ते तुटले की चेहरा आणि श्वासाचे स्नायू आपोआप हसतात-रडतात. मनात तसं काही असेलच असं नाही. सासूबाईंनी पाटीवर लिहिलं ते पाठ्यपुस्तकात छापण्यासारखं आहे.

मात्र बुद्धीवर परिणाम होतच नाही, हे जे पूर्वी शिकवायचो ते आता तसं राहिलेलं नाही. निम्म्याच्या आसपास रुग्णांत विचार, निर्णय किंवा वागणुकीत थोडाफार फरक सापडतो आणि दहातल्या एकाला किंवा थोड्या जास्त जणांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे वागणूक आणि भाषा बिघडवणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, होतो. दोन वेगळे वाटणारे आजार एकत्र का, हे कळलं २००६ मध्ये.

त्या वर्षी दोन्ही आजारांच्या मेंदूत एकच प्रथिन गुठळ्या करून बसलेलं सापडलं. नाव टीडीपी-४३. निरोगी पेशीत ते केंद्रकात राहतं. जनुकावरून आरएनएची प्रत निघाली की तिच्यातला अनावश्यक मजकूर गाळला जातो, त्या कामावर याची देखरेख असते. एएलएसमध्ये ते केंद्रकातून बाहेर पडतं आणि बाहेरच्या भागात गुठळ्या होऊन अडकतं. सुमारे ९७ टक्के एएलएस रुग्णांत हे आढळतं, घरात कुणाला असो वा नसो.

यात नुकसान दुहेरी. बाहेर गुठळ्यांचा त्रास आणि आत देखरेखीला कुणी नाही. देखरेख गेली की गाळायचा मजकूर प्रतीत तसाच राहतो आणि प्रथिन नीट बनत नाही. असं बिघडणारं एक महत्त्वाचं प्रथिन २०१९ मध्ये सापडलं, स्टॅथमिन-२. अ‍ॅक्झॉनची दुरुस्ती आणि वाढ करायला ते लागतं. म्हणजे एक मीटरचा तंतू सांभाळायचा आणि डागडुजीचं सामानच येत नाही. नौपाडेकर, पेशी मरते म्हणजे काय होतं, याचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हे आहे. पेशी एका दिवसात मरत नाही. आधी स्नायूशी जोडलेलं टोक मागे सरकतं, शेजारच्या धडधाकट पेशी फांदी काढून ते पोरके स्नायूतंतू दत्तक घेतात, काही काळ निभावतं, मग त्याही थकतात. अंगठ्यातला जोर कमी झालेला जाणवला तेव्हा आत हे बराच काळ चाललेलं असणार. आईंना हे सांगून बघा. लसीमुळे एएलएस होतो असं दाखवणारा पुरावा नाही. लक्षणं ज्या वर्षी दिसली त्या वर्षीच्या घटनेवर खापर फोडणं सोपं असतं, एवढंच.

ऐरोलीचा_अभि | सोमवार, दुपारी १:२०

मग टीडीपी-४३ बाहेर का पडतं? रूट कॉज तोच म्हणायचा ना? आणि हा आजार वयानुसार का वाढतो?

निवृत्त_मास्तर | सोमवार, दुपारी ४:००

अभि, तुम्हा आयटीवाल्यांना एक रूट कॉज सापडला की तिकीट बंद करता येतं. इथे ते होत नाही.

जनुकांपासून सांगतो. एएलएसच्या ५ ते १० टक्के रुग्णांच्या घरात आधी कुणाला तरी झालेला असतो. पहिलं जनुक १९९३ मध्ये सापडलं, एसओडी१, गुणसूत्र २१ वर. मग २०११ मध्ये सी९ओआरएफ७२. त्यात सहा अक्षरांचा एक तुकडा शेकडो, कधी हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतो. युरोपी वंशाच्या लोकांत हे सगळ्यात जास्त, आशियात बरंच कमी. टीडीपी-४३ बनवणारं जनुक आणि एफयूएस ही आणखी दोन. गंमत बघा, एसओडी१ आणि एफयूएसच्या रुग्णांत टीडीपी-४३ च्या त्या गुठळ्या सहसा नसतात. म्हणजे रस्ते वेगवेगळे आणि पोचतात त्याच पेशीच्या मृत्यूपाशी. कुठे प्रथिनांचा कचरा काढणारी यंत्रणा बिघडते, कुठे तंतूतली वाहतूक, कुठे आजूबाजूच्या तारकापेशी आणि मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशीच शत्रूसारख्या वागू लागतात. एसओडी१ च्या उंदरांवर तर हेही दिसलंय की सदोष जनुक शेजारच्या पेशींमधून काढून टाकलं की आजाराची गती मंदावते, मोटर न्यूरॉनमध्ये ते तसंच असलं तरी.

वयाचं उत्तर २०१४ च्या एका अभ्यासात मिळतं. युरोपातल्या रुग्णनोंदी घेऊन वय आणि आजाराचा दर यांचा आलेख मांडला. त्या सरळ रेषेच्या उतारावरून हिशेब निघाला की आजार दिसायला सरासरी सहा पायऱ्या ओलांडाव्या लागतात. कर्करोगासाठी हाच हिशेब आधीपासून वापरतात. पुढे असंही दिसलं की एसओडी१ चा दोष जन्मापासून असेल तर उरतात दोनच पायऱ्या, सी९ओआरएफ७२ असेल तर तीन. प्रत्येक पायरी म्हणजे काय, ते त्या गणितात कळत नाही. एखादी जनुकातली, एखादी वयाची, एखादी धुराची, एखादी निव्वळ योगायोगाची असू शकेल. म्हणून "कशामुळे झालं" याला तुमच्या घरात चार उत्तरं आली, नौपाडेकर, आणि त्यातलं एकही एकट्याने पुरेसं नाही.

नौपाडेकर | सोमवार, रात्री १०:३०

मास्तर, काय बोलू? ताईला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. तिचा शिशाचा मुद्दा मात्र सुटत नाहीये. रक्तातलं शिसं तपासलं, नॉर्मल आलं. ती म्हणते, लहानपणीचं शिसं आत्ता रक्तात कसं दिसेल?

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ९:०५

ताईंचा प्रश्न उत्तम आहे. रक्तातलं शिसं साधारण अलीकडच्या महिन्या-दोन महिन्यांचं सांगतं. जुनं शिसं हाडांत जाऊन बसतं आणि दशकानुदशकं राहतं. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे लहानपणी संपर्क नव्हताच, असं म्हणता येत नाही.

आता पुढचं. शिशाशी संपर्क आलेल्यांत एएलएसचं प्रमाण थोडं जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. पण तो आकडेवारीतला संबंध आहे, त्यावरून एका माणसाचं कारण काढता येत नाही. शेकडो कंपोझिटरांनी उभा जन्म खिळे जुळवले, त्यांना हा आजार झाला नाही. खिळे शिसं, अँटिमनी आणि कथलाच्या मिश्रधातूचे असत. जास्त धोका होता तो वितळवून खिळे ओतणाऱ्यांना, वाफेमुळे. केसपाशी खेळणाऱ्या मुलाला हात तोंडात गेल्यावर काही जाईल, नाही असं नाही. पण थेट शिशाच्या विषबाधेचं चित्र वेगळं असतं. त्यात मनगट खाली पडतं, पोटात कळा येतात, रक्त कमी होतं. आणि संपर्क तुटल्यावर पुष्कळदा सुधारणाही होते. रिपोर्ट नॉर्मल असताना शिसं काढायचं इंजेक्शन घ्या असं कुणी सुचवलं तर घेऊ नका, त्याचे स्वतःचे अपाय आहेत.

विड्यांचं म्हणाल तर धूम्रपानाचा संबंध बऱ्याच अभ्यासांत आढळलाय, तोही मध्यम. भावोजींना म्हणावं, सोडा जरूर, फुप्फुसांसाठी, पण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

शून्य_एक | मंगळवार, सकाळी १०:४०

ग्वाम बेटाचं सांगा ना मास्तर. तिथे म्हणे गावंच्या गावं...

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १२:१५

थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट सांगायला बसलो तर जेवण राहील. प्रशांत महासागरातल्या या बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन डॉक्टरांना चामोरो लोकांत एएलएस इतर ठिकाणांच्या पन्नास-शंभर पट दिसला. संशय गेला सायकॅड झाडाच्या बियांच्या पिठावर आणि त्या बिया खाणाऱ्या वटवाघळांवर, कारण लोक तीही खात. बियांमध्ये बीएमएए नावाचं द्रव्य सापडलं, तेही चेतापेशींना उद्दीपित करणारं. पुढे राहणीमान बदललं आणि पुढच्या दशकांत आजार तिथे झपाट्याने ओसरला. जनुकं एवढ्या लवकर बदलत नाहीत, म्हणजे बाहेरचं काहीतरी होतं. पण ते बीएमएएच, यावर एकमत नाही. खाडीच्या हवेबद्दल तुमच्या भावाला हेच सांगेन की बाहेरचं काही असू शकतं ही शंका रास्त आहे, पण अमुकच गोष्ट दोषी म्हणायला ग्वामएवढा ढळढळीत फरक दिसूनही सत्तर-ऐंशी वर्षं पुरली नाहीत.

कळव्याचा_बंड्या | मंगळवार, रात्री ११:५०

सर, वय २३. हा धागा वाचल्यापासून माझी पापणी आणि पोटरी फडफडतेय. झोप नाही. मलाही सुरू झालं का?

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ७:४५

बंड्या, आधी झोप. पापणी आणि पोटरी फडफडणं बहुतेक निरोगी माणसांत कधी ना कधी होतं, जागरणाने, चहा-कॉफीने, काळजीने जास्त. एएलएसचं मुख्य लक्षण फडफड नाही, जोर जाणं आणि स्नायू वाळणं आहे. शर्टाचं बटण लागतं, जिने चढता येतात, चप्पल पायातून निसटत नाही, मग धागा बंद कर आणि झोप. मनाला चैन पडत नसेल तर एकदा डॉक्टरांकडून तपासून घे.

या वयात एक हात हळूहळू बारीक होत असेल तर वेगळा आजार असू शकतो, हिरायामा. विशी-बाविशीतल्या मुलांत, जपान आणि भारतात जास्त. मान खाली वाकवली की मज्जारज्जूवरचं आवरण पुढे सरकून त्याला दाबतं आणि तिथल्या खालच्या मोटर न्यूरॉन्स मरतात. काही वर्षांत तो बहुधा आपोआप थांबतो, आणि मानेला पट्टा लावून लवकर थांबवता येतो. म्हणून तरुण मुलाला कुणी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला तर मान वाकवून काढलेला एमआरआय झालाय का, हे विचारावं.

ऐरोलीचा_अभि | बुधवार, सकाळी ९:१०

आणि ते सोळा कोटींचं इंजेक्शन? बातम्यांत यायचं, लोक वर्गणी काढायचे.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ९:४०

ते एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, या लहान मुलांच्या आजारासाठी. तिथेही खालच्या मोटर न्यूरॉन्सच मरतात, पण कारण एकच आणि नेमकं ठाऊक आहे. पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन१ जनुक नसतं किंवा बिघडलेलं असतं. म्हणून ते जनुक विषाणूच्या पोटातून पोचवता आलं. सहा पायऱ्यांच्या आजाराला असं एक इंजेक्शन बनवणं किती अवघड, ते यावरून लक्षात येईल. तरी एसओडी१ चा दोष असलेल्या एएलएससाठी टोफरसेन आलंय. पाठीच्या कण्यातून देतात, त्या जनुकाचा निरोपच नष्ट करतं. अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. उपयोग फक्त त्या दोषाच्या रुग्णांना.

नौपाडेकर_भाचा | बुधवार, रात्री ९:५५

नमस्कार. मी धागाकर्त्याचा भाचा, वय २६. मामाने लिंक पाठवली. बाबांनीही वाचला, त्यांनी निवृत्त_मास्तरांना नमस्कार सांगितलाय. ते विचारतात की उजवाच हात का? सगळं आयुष्य त्याच हाताने काम केलं म्हणून झिजला का?

आणि माझा प्रश्न. आमच्या घरात आधी कुणालाच नव्हता. तरी मी जनुकांची तपासणी करून घ्यावी का? लग्नाचं बघतायत घरी.

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ८:२०

बाबांना माझाही नमस्कार सांग. हातापासून सुरू होणाऱ्यांत, ज्या हाताने आपण जास्त काम करतो तिथून सुरुवात होण्याचं प्रमाण जास्त दिसलंय, पायांत मात्र तसं दिसत नाही. मेंदूत त्या हाताला आणि अंगठ्याला जागाही खूप मोठी मिळालेली असते, कदाचित त्याचा संबंध असेल. पण आजार कुठून सुरू होतो आणि कशामुळे होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळी छपाईची माणसं आणि सगळे शिंपी, सुतार उजवा हात वापरतच असतात. हात झिजला म्हणून झालं, असं त्यांना वाटू देऊ नकोस.

तुझं. घरात कुणाला नसलं तरी अशा रुग्णांपैकी दहातल्या एकाच्या आसपास जनुकातला ओळखीचा दोष सापडतो. म्हणून बाबांची तपासणी अर्थपूर्ण आहे, त्यातही एसओडी१ निघालं तर औषधाचा मार्ग खुला होतो. ती त्यांच्या इच्छेने आणि जेनेटिक कौन्सेलरशी बोलूनच व्हावी. तू स्वतः निरोगी असताना आधी धावू नकोस. एकदा कळलेली गोष्ट विसरता येत नाही आणि दोष असला तरी आजार होईलच, कधी होईल, हे कुणी सांगू शकत नाही. बाबांच्या रिपोर्टमध्ये विशिष्ट दोष सापडला, तरच तुझ्यात नेमकं काय शोधायचं हे प्रयोगशाळेला कळेल. तोवर लग्नाचं बघू देत त्यांना.

अबोली | गुरुवार, सकाळी ११:००

भाचेबुवा, कौन्सेलरची वेळ मिळायला उशीर लागतो, आजच नाव घालून ठेवा. आणि बाबांची श्वासाची तपासणी त्याच फेरीत करून घ्या, बसून आणि झोपून, दोन्ही.